आजोबांचा ओकायामातला फोटो आणि घरात पेटलेलं भांडण

पत्र:

ताई, नमस्कार. मी 41 वर्षांची, माहेर सातारा जिल्ह्यातलं, सध्या पुण्यात सिंहगड रोडला राहते. तुम्ही मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण जपानला गेली होती, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते तिथलं काही बोलायचे नाहीत. ते 1989 ला गेले, आजी 2004 ला. या दिवाळीत गावचं घर रिकामं करताना आजीच्या ट्रंकेत पातळांच्या खाली एक फोटो सापडला. आजोबा आणि अजून एक जवान, दोघं युनिफॉर्ममध्ये, शेजारी दोन जपानी मुली. एकीने फ्रॉक घातलाय पण पायात लाकडी खडावांसारखं काहीतरी आहे, दुसरीच्या अंगावर पुरुषाचा वाटावा असा मोठा कोट. मागे दारावर इंग्रजी पाटी आहे, अर्धीच दिसते, बीअर हॉल वगैरे असावा. फोटोच्या मागच्या बाजूला आजोबांच्या अक्षरात 'ओकायामा 1946' आणि खाली जपानीत दोन ओळी.

माझ्या चुलतभावाने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "आजोबांचं जपानी प्रकरण", पुढे हसण्याचे इमोजी. बाबा भडकले. बाबांचं म्हणणं, आमचे अण्णा तसले नव्हते, फोटो जाळून टाका. भाऊ म्हणतो, फौजी माणूस, तरुण वय, चालतंच, त्यात काय एवढं. दोघं दोन महिने बोलत नाहीयेत. आत्या 77 वर्षांच्या आहेत, त्या फक्त एवढंच म्हणाल्या की "आईला माहीत होतं, तिनेच ठेवलाय तो". त्यापुढे गप्प. आणि माझ्या मुलाने आता डीएनए टेस्टचं काढलंय, जपानमध्ये आपले नातेवाईक असतील म्हणे. बाबा असंही म्हणाले की आपल्या लोकांबद्दल तिथे कोणाची तक्रार नव्हती, जपानी लोक खूश होते. मला काय विचार करावा तेच कळत नाहीये. आजोबा चुकीचे होते का? फोटोचं काय करू?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी, तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. पहिलं काम आजच कर, भावाला फोन करून तो फोटो ग्रुपवरून काढायला सांग. जाळायचा नाही, पण ग्रुपवरही ठेवायचा नाही. का ते खाली सांगते, जरा लांबण लागेल पण हे नीट समजून घेतल्याशिवाय तुझ्या घरातलं भांडण मिटणार नाही असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या घरातले सगळे एकाच गोष्टीवर भांडतायत, अण्णा चांगले की वाईट. बाबा म्हणतात चांगले, भाऊ म्हणतो सगळेच तसे, म्हणजे चांगलेच. आणि फोटोत चार माणसं आहेत. त्या दोन मुली कोण, त्या वर्षी त्या गावात त्या कशा जगत होत्या, त्या दारापाशी कशाला उभ्या होत्या, हे तुझ्या घरात एकानेही विचारलेलं नाही, निदान तुझ्या पत्रात तरी मला दिसलं नाही. अण्णांबद्दल काय म्हणायचं ते या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, म्हणून आधी तिकडून सुरुवात करूया.

जपानने 15 ऑगस्ट 1945 ला शरणागती जाहीर केली. त्यानंतर देशाचा ताबा मुख्यतः अमेरिकनांकडे होता, पण 1946 च्या सुरुवातीपासून ब्रिटिश कॉमनवेल्थची एक फौजही तिथे आली, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, न्यूझीलंडचे आणि आपले. 1946 च्या अखेरीस ही फौज सुमारे 37 हजारांची होती आणि त्यात जवळपास 11 हजार भारतीय. हिरोशिमा, कुरे, ओकायामा, शिमाने, तोत्तोरी, शिवाय शिकोकू बेट, हा भाग त्यांच्याकडे. ब्रिटिश आणि भारतीय पलटणींच्या डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामालाच होतं. भारतीय ब्रिगेड होती 268 वी, तिचे प्रमुख थिमय्या, हेच पुढे आपले लष्करप्रमुख झाले, आणि त्या ब्रिगेडमध्ये पंजाबी आणि गुरख्यांबरोबर 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. एप्रिल 1945 मध्ये इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच बटालियन. तुझे अण्णा त्याच पलटणीत असतील तर बाबांना अभिमान वाटतो तो अगदी खरा आहे, त्याला कोणी हात लावत नाहीये.

आता ओकायामा. 29 जून 1945 च्या पहाटे अमेरिकन बॉम्बरनी ते शहर जाळलं. किल्लासुद्धा जळाला, आत्ताचा आहे तो 1966 ला परत बांधलेला. म्हणजे तुझ्या फोटोतलं गाव हे वर्षभरापूर्वी राख झालेलं गाव आहे, आणि दार, पाटी, बीअर हॉल जे काही दिसतंय ते त्या राखेवर उभं राहिलेलं आहे. तू सिंहगड रोडला राहतेस म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यानात नक्की जात असशील, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेसारखं केलंय, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनच ते ओळखलं जातं. त्या नावामागे 1946 चंही एक ओकायामा आहे, तिथे आपली माणसं बंदूक घेऊन होती, हे मात्र कुठल्या पाटीवर नाही.

आणि भूक. रेशनवर मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 300 ग्रॅम धान्य ठरलेलं, ते पण वेळेवर येत नव्हतं, कधी तांदळाऐवजी रताळी, सोयाबीनचा चोथा. ब्लॅकमार्केटशिवाय जगणं अशक्य होतं. टोकियोतले एक न्यायाधीश, यामागुची योशितादा, ते ब्लॅकमार्केटवाल्यांचे खटले चालवायचे आणि म्हणून त्यांनी स्वतः रेशनबाहेरचं काही खायचं नाही असं ठरवलं, ते ऑक्टोबर 1947 मध्ये कुपोषणाने वारले, वय 33. न्यायाधीशाची ही गत. आता विचार कर, 19-20 वर्षांची मुलगी, घर जळालेलं, बाप किंवा भाऊ युद्धावरून परत आलेला नाही किंवा आलाय तो आजारी, धाकटी भावंडं घरात, आणि गावात पगारी माणूस कोण तर परदेशी सैनिक. त्याच्याकडे सिगारेटी, साखर, साबण, डब्यातलं मटण. एक सिगारेटचं पाकीट म्हणजे हातातली रोकड होती त्या काळात. तिथे संध्याकाळी बीअर हॉलमध्ये वाढायला जाणं, डान्स हॉलमध्ये नाचायला जाणं, किंवा अंगाचा सौदा करणं, यातलं काहीही "मजा" म्हणून नव्हतं बहुतेकींसाठी.

मी बहुतेक म्हणतेय. काही जणी आवडीने पण गेल्या असतील, तरुण वय त्यांचंही होतं, युद्धाची कितीतरी वर्षं ढगळ सुरवारी घालून कारखान्यात आणि शेतात राबल्यावर फ्रॉक घालावासा, संगीत ऐकावंसं कोणाला वाटणार नाही. फोटोतली ती मुलगी बघ, फ्रॉक मिळाला पण बूट मिळाले नाहीत म्हणून खाली खडावा, आणि दुसरीच्या अंगावरचा कोट. हे तू पत्रात सहज लिहिलंस, पण मला त्यातच जास्त दिसलं. तो कोट बापाचा असेल, भावाचा असेल, कोणा सैनिकाचा असेल, कळायला मार्ग नाही. पण कपडे धड नव्हते एवढं नक्की.

या सगळ्याला जपान सरकारही जबाबदार होतं हे लोकांना फार माहीत नसतं. शरणागतीनंतर फक्त 3 दिवसांनी, 18 ऑगस्टला, त्यांच्या गृहखात्याने पोलिसांना सांगितलं की येणाऱ्या फौजेसाठी "सोय" करा. विचार असा की काही बायका पुढे केल्या की "घरंदाज" बायका वाचतील. टोकियोत त्यासाठी एक संस्थाच काढली, जाहिरातीत राहणं, कपडे, जेवण फुकट असं आश्वासन, आणि उपाशी मुली आल्या, कितीतरी जणींना काम काय आहे तेही माहीत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी पहिलं ठिकाण उघडलं सुद्धा. मार्च 1946 मध्ये गुप्तरोग फार पसरले म्हणून अमेरिकनांनी तिथे जायची बंदी केली आणि त्या बायका रस्त्यावर आल्या, स्टेशनबाहेर, पुलाखाली. आपलंच सरकार पुढे करतं आणि नंतर गाव त्यांच्यावरच थुंकतं. मला हे वाचताना दरवेळी संताप येतो.

आणि त्याच वर्षी, एप्रिल 1946 मध्ये, जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, 39 बायका संसदेत निवडून आल्या. आणि नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या इकेबुकुरोत रात्री रस्त्यावरून दिसेल त्या बाईला ट्रकमध्ये घालून जबरदस्तीने तपासणीला नेलं, त्यात कामावरून किंवा युनियनच्या मीटिंगवरून घरी चाललेल्या बायका पण होत्या. मतदानाचा हक्क आहे पण रात्री 8 ला रस्त्याने चालायचा नाही. पुरुषांना, म्हणजे सैनिकांना, इंजेक्शन देऊन बरॅकमध्ये परत पाठवायचे, एवढंच.

तुझ्या बाबांनी म्हटलं की तक्रार नव्हती, लोक खूश होते. बाबांना हे प्रेमाने सांग, पण सांग, की तक्रार छापायलाच बंदी होती. सप्टेंबर 1945 पासून प्रेसवर सेन्सॉर, दोस्त फौजांवर टीका छापायची नाही, सैनिक आणि जपानी मुलींच्या संबंधांवर लिहिलेलं सुद्धा कापलं जायचं. दारू पिऊन सैनिकाने दुकान फोडलं, कोणाला मारलं, कोणा बाईवर जबरदस्ती केली, तर ते पेपरात सैनिक म्हणून येणारच नाही. आणि आलं तरी गुन्हा जपानी कोर्टात चालायचाच नाही, फौजेचं कोर्ट वेगळं. मग तक्रार कुठे दिसणार? लोकांच्या पोटात होती ती. युद्धावरून परत आलेले त्यांचे पुरुष, अंगावर तोच जुना युनिफॉर्म, बिल्ले काढलेले, नोकरी नाही, ते संध्याकाळी बघायचे की परदेशी सैनिकासाठी ट्रेनचा वेगळा डबा, तो अर्धा रिकामा, आणि आपण दारात लटकतोय. डान्स हॉलच्या दारावर पाटी की जपानी लोकांना प्रवेश नाही, आणि आत आपल्या गल्लीतल्या मुली. त्यांचा राग सैनिकावर काढता येत नव्हता, त्याच्याकडे बंदूक आणि कायदा दोन्ही, म्हणून तो त्या मुलींवर निघाला, पोरं मागे लागायची, शेजारी बोलणं टाकायचे. रात्रीच्या त्या गल्ल्यांमध्ये दारू पण कसली, कारखान्याच्या स्पिरिटमध्ये काहीबाही मिसळलेली, मिथेनॉलने जपानी पण मेले आणि सैनिक पण.

हे सगळं साठत जातं तेव्हा काय होतं ते बघायचं तर ओकिनावा बघ, जपानच्या दक्षिणेकडची बेटं. जपानचा बहुतेक भाग 1952 ला मोकळा झाला, ओकिनावा मात्र 1972 पर्यंत अमेरिकनांकडेच राहिलं. तिथे कोझा नावाचं गाव आहे, आता त्याला ओकिनावा सिटी म्हणतात, काडेना हवाई तळाच्या गेटला लागून. अख्खं गाव बारवर चालायचं. ज्या बारला फौजेची मंजुरी त्याच्या दारावर इंग्रजी ए ची पाटी, आणि गावात कुठे मोर्चा निघाला की फौज सरळ सैनिकांना तिकडे जायला बंदी करायची, दोन आठवड्यांत मालक आणि पोरी रस्त्यावर. म्हणजे राग आहे पण त्याच माणसाच्या डॉलरवर घर चालतंय. गोऱ्या सैनिकांच्या गल्ल्या वेगळ्या, काळ्या सैनिकांच्या वेगळ्या, त्यांच्यात आपसात मारामाऱ्या. सप्टेंबर 1970 मध्ये इतोमानला दारू प्यायलेल्या सैनिकाने एका बाईला गाडीखाली मारलं, डिसेंबरमध्ये फौजेच्या कोर्टाने त्याला सोडलं. आणि 20 डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कोझात परत एका सैनिकाच्या गाडीने माणसाला उडवलं. फौजेचे पोलीस आले, लोक जमले, पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या आणि मग रस्ता पेटला. पहाटेपर्यंत 70 च्या वर गाड्या जाळल्या, निवडून, अमेरिकनांच्या पिवळ्या नंबरप्लेटच्या. काळ्या सैनिकांना सोडा असं लोक एकमेकांना सांगत होते असं तिथे सांगतात. आणि मेलं कोणी नाही त्या रात्री, हे मला फार लक्षात राहतं, 25 वर्षांचा राग आणि तरी माणसाचा जीव घेतला नाही. त्या जमावात बारमध्ये काम करणारे लोक पण होते, ज्यांचं पोट त्या सैनिकांवर होतं तेच. तेव्हा लोक खूश होते असं बाबांनी म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि हे आपल्याला कळायला इतकं अवघड पण नाहीये गं. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घराघरात शिरले, माजघरापर्यंत, देवघरापर्यंत, ते आपण पिढ्यान्पिढ्या विसरलो नाही, चापेकर बंधू शाळेतल्या पोराला पण माहीत असतात. जे कमी बोललं जातं ते हे की 1864 च्या कँटोन्मेंट कायद्यापासून छावण्यांच्या बाजारात गोऱ्या सैनिकांसाठी बायकांची नोंद व्हायची, जबरदस्तीने तपासणी व्हायची, आजारी निघाली तर कोंडून ठेवायचे. पुणे, खडकी, देवळाली, नगर या आपल्याच छावण्या. त्या बायका आपल्याच गावांमधल्या होत्या. त्यांचे फोटो कोणाच्या नातवाने लंडनमध्ये फॅमिली ग्रुपवर टाकून हसण्याचे इमोजी टाकले तर तुझ्या भावाला कसं वाटेल, हे त्याला विचार. भांडायला नाही, खरंच विचार. मला वाटतं तो समजेल.

आता अण्णांकडे येऊया. एक तर ऑर्डर. कॉमनवेल्थच्या फौजेत सक्त हुकूम होता की जपान्यांशी मेळमिसळ ठेवायची नाही, वागणं औपचारिक, त्यांच्या घरात जायचं नाही, लग्न तर नाहीच. अमेरिकनांपेक्षा हा नियम जास्त कडक होता. तो किती पाळला गेला ते सोड, सगळ्यांनीच मोडला, ऑस्ट्रेलियनांनी तर इतका की शेवटी 1952 मध्ये त्यांना जपानी बायका घरी न्यायची परवानगी द्यावी लागली आणि सुमारे 650 जणी गेल्या. आपल्या लोकांसाठी असा रस्ता कधी उघडलाच नाही, 1947 मध्ये भारतीय पलटणी परत आल्या, विषय संपला. म्हणजे समजा अण्णांचा त्या मुलीवर खरोखर जीव जडला होता असं धरलं तरी त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि तिच्या हातात तर त्याहून नव्हतं. आणि समजा तसं काहीच नव्हतं, त्या दोघी फक्त वाढणाऱ्या पोरी होत्या आणि कोणी फोटोवाला उभा होता म्हणून चौघांनी फोटो काढला, तर तेही तितकंच शक्य आहे. आणि समजा पैसे देऊन काही होतं, तर तेही. एका फोटोवरून यातलं काही ठरवता येत नाही, मी ठरवणार नाही, तूही ठरवू नकोस, बाबांनीही नाही.

पण तू सरळ विचारलंस, चुकीचे होते का, म्हणून सरळ उत्तर देते. त्या दारापाशी अण्णा बलवान होते आणि त्या मुली नव्हत्या. स्वभावाने कितीही सालस असले तरी. युनिफॉर्म त्यांच्या अंगावर होता, खिशात सिगारेटी त्यांच्या होत्या, आणि काही बिनसलं असतं तर पोलिसांनी उचललं असतं ते तिला, त्यांना नाही. चांगला माणूस अशा वेळी आपल्या हातातली ताकद ओळखून जपून वागतो, वाईट माणूस ती वापरतो, आणि बरेचसे या दोघांच्या मधे कुठेतरी असतात. अण्णा कुठे होते ते आपल्याला माहीत नाही. एवढं मनाशी धरून त्यांच्यावर प्रेम करता येतं, मी खात्रीने सांगते, करता येतं.

अण्णांची बाजू पण बघ जरा. सातारच्या गावातला 22-23 वर्षांचा पोरगा, गोऱ्या साहेबाच्या हुकमाखाली, दुसऱ्याच्या युद्धात जीव घालून आलेला, आणि आता सांगतात की तू जेता. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, रस्त्यावर गोळीबार झाला, शेकडो माणसं मेली, त्याच दिवसांत आपल्या पलटणी जपानला चालल्या होत्या. आपला देश दुसऱ्याच्या ताब्यात, आणि आपण तिसऱ्याच देशाचा ताबा ठेवायला. हे घरी येऊन कोणाला सांगणार? कोणत्या शब्दांत? ते बोलले नाहीत यात मला नवल वाटत नाही, त्यात लपवाछपवीच असेल असंही वाटत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते आत्यांच्या त्या एका वाक्याकडे. "आईला माहीत होतं, तिनेच ठेवलाय तो." तुझ्या आजीने तो फोटो जाळला नाही, फाडला नाही, स्वतःच्या पातळांखाली ठेवला, नवरा गेल्यावर पुढची 15 वर्षं ठेवला. बाबा आईच्या अब्रूसाठी तो जाळायला निघालेत आणि आईनेच तो जपलाय, हे बाबांच्या लक्षात आलंय का? हे त्यांना तू सांग, आणि एकटी असताना सांग, भावासमोर नको. बाबांचा राग मला कळतो, बापाबद्दल चारचौघांत हसं झालं की कोणाचंही डोकं फिरेल, म्हणून आधी त्यांना म्हण की ग्रुपवर जे झालं ते वाईटच झालं. मग आजीचं सांग. बाकी इतिहास नंतर, हळूहळू, एका दिवसात सगळं ओतू नकोस.

आत्यांकडे जा. फोनवर नको, जाऊन बस, 2 दिवस राहायची तयारी ठेवून जा. थेट "त्या बाईचं काय" असं विचारू नकोस. आजीबद्दल विचार, अण्णा जपानला असताना ती कुठे होती, माहेरी का सासरी, मनीऑर्डर यायची का, पत्र कोण वाचून दाखवायचं, ते परत आले तेव्हा काय काय आणलं होतं. त्या पिढीच्या बायका नवऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलत नाहीत पण त्या वेळच्या धान्याबद्दल, कपड्यांबद्दल, पत्रांबद्दल विचारलं की बोलतात, आणि बोलता बोलता जे यायचं ते येतं. नाही आलं तर नाही, दामटू नकोस. 77 वर्षांच्या बाईने काय बोलायचं आणि काय बरोबर न्यायचं हा तिचा हक्क आहे. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचार, मोबाईल लपवून ठेवू नकोस, आणि केलंस तर ते ग्रुपवर जाणार नाही हे शब्द देऊन सांग.

मागच्या त्या जपानी ओळी वाचून घे. पुण्यात जपानी येणारे भरपूर लोक आहेत, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकवणारे कोणीतरी नक्की मदत करतील. हाताने लिहिलेलं जुनं अक्षर असलं तर तरुण विद्यार्थ्याला जमणार नाही कदाचित, मोठ्या वयाच्या शिक्षकाला दाखव. पुढची आणि मागची बाजू नीट स्कॅन करून घे, मूळ फोटो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नको, साध्या कागदाच्या पाकिटात ठेव, आणि ट्रंकेतून काढलाच आहेस तर तुझ्याकडे राहू दे, बाबांच्या घरी नको सध्या.

अण्णांची पलटण कुठे कुठे होती ते कळण्यासाठी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरला त्यांचा नंबर, नाव, गाव देऊन पत्र लिही, पेन्शनबुक सापडलं तर त्याची झेरॉक्स जोड. ऑस्ट्रेलियाच्या वॉर मेमोरियलच्या संग्रहात त्या फौजेचे खूप फोटो ऑनलाइन आहेत, त्यात भारतीय सैनिक पण आहेत, ते बाबांबरोबर बसून बघ. बाबांना ते आवडेल असं वाटतं मला, आणि अण्णांचं जपान हा विषय एका फोटोपुरता राहणार नाही.

मुलाच्या डीएनएचं. त्याची उत्सुकता चांगली आहे पण त्याला थांबव. तुमच्याकडे एक फोटो आहे, मूल असल्याचा काही पुरावा नाही. आणि समजा असलं, तर ती व्यक्ती आज 78-79 वर्षांची असेल आणि तिने काय सोसलं असेल याचा अंदाज घे. सैनिकांपासून झालेली मुलं जपानमध्ये इतकी टाकली जात होती की सावादा मिकी नावाच्या बाईंनी 1948 मध्ये ओइसोला त्यांच्यासाठी अनाथाश्रम काढला, शेकडो मुलं तिथे वाढली. कुरेलाही अशी मुलं होती. चेहरा वेगळा म्हणून शाळेत मार खाल्लेली, आईला लोक काय म्हणायचे ते ऐकलेली. कितीतरी आयांनी पुढे लग्नं केली, नवीन घरात जुनं काहीच सांगितलं नाही. म्हणून तो फोटो कुठल्याही जपानी फेसबुक ग्रुपवर "या ओळखता का" म्हणून टाकायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तिच्या घरात पण एक ट्रंक असेल, नातवंडं असतील, आणि तिने काय ठेवायचं काय नाही ते ठरवून टाकलं असेल. टेस्ट केल्याने समोरचं माणूस सापडलंच तर तुम्ही त्याच्या दारात उभे राहणार, बोलावलं नसताना. कोणी तिकडून शोधत आलं तर मात्र दार लावू नका. तेवढ्यासाठी अण्णांची माहिती नीट लिहून ठेवणं पुरेसं आहे.

आणि भावाला एकदा घरी जेवायला बोलाव, बाबा नसताना. त्याला हे पत्र वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही. त्याने बाबांची माफी ग्रुपवरच मागावी, कारण हसं ग्रुपवर झालंय, खासगीत मागितलेली माफी तिथल्या 40 माणसांना दिसत नाही. बाबा लगेच बोलतील असं समजू नका, त्यांना वेळ द्या. संक्रांतीला तिळगूळ घेऊन भाऊच जाऊ दे आधी.

त्या दोन ओळींचा अर्थ लागला आणि सांगावासा वाटला तर मला मेल कर. छापायचं नसेल तर तसं वर लिही, मी छापणार नाही.